लॅबमधल्या मांसावर बंदी: टेक्सासमधल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी टेक्सासमध्ये राहतो आणि औषधांच्या कारखान्यात प्राण्यांच्या पेशी वाढवण्याचं काम करतो. हे मांस ज्या स्टीलच्या टाक्यांत तयार होतं, तसल्याच टाक्यांशी माझा रोजचा संबंध. त्यामुळे २०२५ मध्ये इथल्या विधिमंडळात बंदीचं विधेयक आलं तेव्हापासून मंडळाच्या जेवणात ताट हातात घेऊन उभा असलो की कुणीतरी विचारतंच, "काय हो, ते लॅबचं चिकन म्हणजे काय भानगड आहे?" तीच उत्तरं इथे लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाचताना शंका नको: पाकिटावर ठसठशीत लेबल हवं, बंदी नको.

टेक्सासचा कायदा नेमका काय म्हणतो?

सिनेट बिल २६१. लबकचे सिनेटर चार्ल्स पेरी यांनी ते मांडलं, गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी जून २०२५ मध्ये सही केली. १ सप्टेंबर २०२५ पासून १ सप्टेंबर २०२७ पर्यंत, म्हणजे दोन वर्षं, माणसांच्या खाण्यासाठी 'सेल-कल्चर्ड प्रोटीन' विकायला किंवा विक्रीला ठेवायला टेक्सासमध्ये मनाई आहे. सेल-कल्चर्ड प्रोटीन म्हणजे प्राण्याच्या पेशी प्राण्याबाहेर वाढवून केलेलं अन्न. बंदी विक्रीवर आहे. विद्यापीठातलं संशोधन तिच्यात येत नाही.

मग कुणी खाल्लं तर पोलीस धरणार का?

नाही. खाणाऱ्यासाठी शिक्षा नाही. हॉटेलवाला, दुकानदार, कंपनी यांच्यासाठी आहे.

सोयाचे कबाब, वाटाण्याच्या प्रथिनांचे बर्गर यांचं काय? आणि इन्सुलिन, लसी?

यांतल्या कशालाच हात लावलेला नाही. सोया आणि वाटाणा वनस्पती आहेत, आणि औषधं हा वेगळाच विषय. हा प्रश्न फार येतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निरोपांत सगळ्यांना एकाच मोळीत बांधलेलं असतं.

हे मांस तयार कसं होतं?

जिवंत कोंबडीच्या, गाईच्या किंवा माशाच्या अंगातून, नाहीतर अंड्यातल्या गर्भातून, चिमूटभर पेशी घेतात. त्यातल्या चांगल्या वाढणाऱ्या पेशी निवडून गोठवून ठेवतात. आपल्याकडे विरजण राखून ठेवतात ना, तसंच ते. मग त्यातला थोडा अंश काढून छोट्या बाटलीत, तिथून मोठ्या भांड्यात, तिथून टाकीत. टाकीत पाणी, ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं यांचं द्रावण असतं. तापमान कोंबडीच्या किंवा गाईच्या शरीराइतकं, ऑक्सिजन मोजून दिलेला, आम्लता दर मिनिटाला तपासलेली. काही आठवड्यांत पेशी पुरेशा वाढल्या की त्या गाळून काढतात. हाती येतो तो खिम्यासारखा ओला गोळा. त्याला तंतू, पोत, आकार द्यायचा तर वेगळा आधार लागतो, आणि तेच सगळ्यात अवघड काम आहे.

पूर्वी या द्रावणात वासराच्या गर्भाच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, घालावा लागे. ज्यांनी प्राण्यांच्या दयेपोटी हे काम हाती घेतलं त्यांनाच ते सगळ्यात जास्त खुपायचं. २०२३ मध्ये सिंगापूरने गुड मीट या कंपनीच्या सीरमविरहित द्रावणाला परवानगी दिली. तेव्हापासून या धंद्याचा कल तिकडेच आहे.

म्हणजे हे शाकाहारी झालं का?

नाही. पेशी प्राण्याच्या आहेत. जिला कोंबडीची किंवा माशाची अ‍ॅलर्जी आहे तिला याचीही होईल. माळकरी माणसाने हे खावं की नाही हा त्याच्या मनाचा प्रश्न आहे, पण "यात मांस नाही" असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. मांसच आहे ते. जनावर मारलेलं नाही, एवढाच फरक.

सुरक्षित आहे का? कॅन्सरच्या पेशी असतात म्हणे.

या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण भीती इथेच आहे आणि माझं कामही हेच आहे.

सुमारे तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अडीचच्या सुमारास पडद्यावरची ऑक्सिजनची रेघ घसरायला लागली. टाकी २,००० लिटरची, आत औषध तयार करणाऱ्या पेशी, पेरणी होऊन नऊ दिवस झालेले. आम्ही हवा वाढवली, रेघ वर येईना. आम्लता वाढत चालली. थेंबभर नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आमच्या गोल, शांत पेशींच्या मधून काड्यांसारखे जंतू सरसर पळताना दिसले. जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, आमच्या पेशींना त्याला साधारण एक दिवस लागतो. शर्यत तिथेच संपते. पहाटेपर्यंत सगळी टाकी वाफेने उकळून मारली आणि गटारात सोडली. आठवडाभर शोधल्यावर कारण सापडलं: रबराच्या एका गॅस्केटला केसाएवढी चीर.

ही हकिकत घाबरवायला सांगत नाही. सांगायचं ते इतकंच की असल्या टाकीत जंतू शिरला तर तो लपून राहत नाही, मालच मरतो. मात्र काही छुपे जीव असतात, विषाणू असतात, ते असे उठून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी दर घाण्याची स्वतंत्र तपासणी लागते. ही तपासणी कंपनीच्या शब्दावर सोडू नये, सरकारने कागद मागावेत, असं माझं ठाम म्हणणं आहे. अमेरिकेत तशी सोय आहे. २०१९ च्या करारानुसार पेशी निवडण्यापासून त्या वाढेपर्यंतची जबाबदारी एफडीएची, म्हणजे केंद्राच्या अन्न आणि औषध खात्याची. पेशी बाहेर काढण्यापासून पाकिटापर्यंत, चिकन आणि बीफच्या बाबतीत, शेती खात्याचे निरीक्षक. साल्मनसारखा मासा असेल तर पूर्ण काम एफडीएकडे. अपसाइड फूड्स या कंपनीच्या कोंबडीच्या पेशींची कागदपत्रं तपासून एफडीएने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'आम्हाला आणखी प्रश्न नाहीत' असं कळवलं. जून २०२३ मध्ये शेती खात्याने अपसाइड आणि गुड मीट या दोघांना विक्रीसाठी मंजुरी दिली.

आता कॅन्सर. काही पेशी न थांबता विभागत राहतात, त्यांना आमच्या भाषेत 'अमर' पेशी म्हणतात. न थांबता विभागणं हा कॅन्सरच्या पेशींचाही एक गुण, म्हणून ही शंका आली. पण टाकीबाहेर काढलेली पेशी मरते. शिजवल्यावर आणि पोटातल्या आम्लात तिचे तुकडे होतात, जसे कुठल्याही मटणाच्या पेशींचे होतात. कोंबडीची पेशी माणसाच्या अंगात मूळ धरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २०२३ मध्ये या अन्नातल्या ५३ संभाव्य धोक्यांची यादी केली. त्यातले बहुतेक धोके आपल्या नेहमीच्या अन्नातही असतातच. लोकांनी वीस-वीस वर्षं हे खाल्ल्यानंतरची माहिती अजून कुणाकडे नाही, कारण तेवढी वर्षं कुणी खाल्लेलंच नाही.

आणखी कुठे बंदी आहे?

पहिली फ्लोरिडात. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी १ मे २०२४ ला सही केली, १ जुलैपासून लागू. विकणं, बनवणं, वाटणं सगळ्याला मनाई. ६० दिवसांपर्यंत कैद आणि ५०० डॉलरपर्यंत दंड. पाठोपाठ त्याच मे महिन्यात अलाबामा. २०२५ मध्ये मिसिसिपी, माँटाना, नेब्रास्का, आणि मुदतीची बंदी घालणारी इंडियाना व टेक्सास. इंडियानाची मुदत ३० जून २०२७ ला संपते. अमेरिकेबाहेर इटलीने २०२३ च्या अखेरीस बंदी केली, दंड १०,००० ते ६०,००० युरो. याउलट सिंगापूरने २०२० मध्येच, जगात सर्वांत आधी, विक्रीला परवानगी दिली होती.

दुकानात तर हे कधी दिसलंच नाही. मग बंदी कशावर?

बरोबर पकडलंत. टेक्सासच्या एकाही किराणा दुकानात हे मांस नव्हतं. मी हिशेब मांडून दाखवतो, तुम्हीच पाहा.

एका मिलिलिटरमध्ये एक कोटी पेशी धरा. हा आकडा चांगला समजला जातो. २,००० लिटरच्या टाकीत झाल्या वीस लाख कोटी पेशी. एका पेशीचं वजन दोन-तीन नॅनोग्रॅम. सगळ्या एकत्र करून पिळून काढल्या तर चाळीस ते साठ किलो ओला गोळा. त्यासाठी दोन आठवडे टाकी अडकली, निर्जंतुक खोली अडकली, माझ्यासारखे चार जण रात्रपाळीला जागले. रँचवरच्या, म्हणजे जनावरं पाळायच्या मोठ्या कुरणावरच्या, एका तयार बैलापासून दोनशे किलोच्या वर मांस मिळतं, आणि तो बैल बराच काळ मोकळ्या रानात गवत खाऊन वाढलेला असतो.

म्हणून किंमत. २०१३ मध्ये मास्ट्रिख्टच्या मार्क पोस्ट यांनी लंडनमध्ये पहिला बर्गर खायला दिला, तो तयार करायला अडीच लाख युरो लागले होते. आता तितकी महाग राहिलेली नाही गोष्ट, पण सिंगापूरच्या एका खाटकाच्या दुकानात २०२४ मध्ये १२० ग्रॅमचं गोठवलेलं पाकीट ७.२० सिंगापूर डॉलरला ठेवलं, तर त्यात लॅबचं चिकन फक्त ३ टक्के होतं. बाकी वनस्पतींची प्रथिनं. अशा मालामुळे टेक्सासचे गोठे ओस पडतील असं मला तरी वाटत नाही.

मग रँचवाल्यांना एवढी धास्ती का? त्यांचं काहीच खरं नाही का?

त्यांचं बरंच खरं आहे आणि ते ऐकून घ्यायला हवं. टेक्सासमध्ये सव्वा कोटीच्या आसपास जनावरं आहेत, देशात सर्वांत जास्त. पण सगळ्या देशाचा कळप जानेवारी २०२५ मध्ये ८ कोटी ६७ लाखांवर आला होता, १९५१ नंतरचा सगळ्यात लहान. दुष्काळाची वर्षं, चाऱ्याचे भाव, गाई विकून टाकलेल्या. मराठवाड्यात दावणीची जनावरं बाजारात न्यावी लागलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. त्यात जनावरं कापून बीफ पॅक करणारे चार मोठे कारखानदार देशातली सुमारे ८५ टक्के कत्तल हाताळतात. भाव ठरतो तो तिथे.

आणि इथे एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. त्या चौघांपैकीच टायसन आणि कारगिल यांनी अपसाइडमध्ये पैसे घातले, तेव्हा तिचं नाव मेम्फिस मीट्स होतं. चौघांतल्याच जेबीएसने २०२१ मध्ये स्पेनमधली याच कामाची कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. म्हणजे रँचवाल्याचा भाव पाडायची ताकद ज्यांच्याकडे आहे, त्यांनी दोन्ही दगडांवर पाय ठेवलेले. बंदीने त्यांचं काही अडत नाही. रँचवाल्याच्या वासराला मात्र तिच्यामुळे एक डॉलरही जास्त मिळत नाही. मांस उद्योगाच्या देशपातळीवरच्या संघटनेने, मीट इन्स्टिट्यूटने, असल्या बंद्यांना विरोध केला. नेब्रास्कातल्या काही रँचवाल्यांनीही, "आमचा माल चांगला आहे, स्पर्धेला घाबरत नाही," याच सुरात विरोध केला. मला हे लोक फार आवडले.

लेबल पुरेसं आहे असं तुम्ही म्हणता. पण फसवतीलच ना?

टेक्सासमध्ये त्यासाठी कायदा आधीच आहे. २०२३ च्या सिनेट बिल ६६४ नुसार असल्या मालावर 'सेल-कल्चर्ड', 'लॅब-ग्रोन' असं काहीतरी उघड लिहिणं सक्तीचं आहे, नावाजवळ, वाचता येईल अशा अक्षरात. तो कायदा लागू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्याने काय साधलं, काय नाही, हे पाहायला बाजारात मालच आला नव्हता, आणि तरी त्याच्यावर बंदीचा थर चढवला. फसवणुकीची भीती मलाही आहे. माझ्या आईला तिच्या ताटात काय आहे ते कळलंच पाहिजे. ते कळल्यावर खायचं की नाही हे मात्र तिने ठरवावं, लबकच्या सिनेटरने नाही.

कोर्टात काय झालं?

फ्लोरिडाविरुद्ध अपसाइडने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय न्यायालयात दावा लावला. दोन मुद्दे होते. एक, कोंबडीच्या मांसाची तपासणी आणि घटक यांचे नियम केंद्राच्या १९५७ च्या कायद्याने ठरतात, राज्याने त्यात वेगळी अट घालू नये. दुसरा, राज्यांराज्यांतल्या व्यापारावर अधिकार काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा. स्वतःच्या उद्योगाला संरक्षण द्यायचं म्हणून एखाद्या राज्याला परराज्यातला माल अडवता येत नाही. न्यायाधीश मार्क वॉकर यांनी तातडीची स्थगिती नाकारली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पहिला मुद्दा बराचसा गळाला, पण व्यापाराचा मुद्दा चालवायला त्यांनी मुभा दिली. डिसँटिस यांनी सही करताना आपलं बीफ वाचवण्याची भाषा केली होती, ती या मुद्द्यावर फ्लोरिडाला जड जाऊ शकते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा डुकरांच्या पिंजऱ्यांबाबतचा कायदा उचलून धरला. कोणत्या पद्धतीने तयार झालेलं मांस आपल्या हद्दीत विकू द्यायचं हे राज्य ठरवू शकतं, असं त्यातून निघतं. बंदीवाले त्याच निकालावर बोट ठेवतात.

टेक्सासविरुद्ध अपसाइड आणि लॅबमधला साल्मन करणारी वाइल्डटाइप या दोन कंपन्यांनी सप्टेंबर २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात ऑस्टिनच्या केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला.

तुम्ही स्वतः खाल्लंय का? चव कशी असते?

एकदाच. बंदी लागू होण्याच्या दोन आठवडे आधी, ऑस्टिनमध्ये, साल्मन. सुशीवाल्याने भाताच्या मुटक्यावर बोटभर लांबीचा तुकडा ठेवला. रंग खऱ्या साल्मनचा, पांढऱ्या चरबीच्या रेघाही होत्या, पण जरा जास्तच सरळ, फूटपट्टीने आखल्यासारख्या. वास जवळजवळ नाहीच. दाताखाली मऊ, पण माशाचं मांस जसं पाकळी पाकळी सुटतं तसं सुटलं नाही, एकसंध राहिलं. मी रत्नागिरीचा, सुरमई डोळे मिटून ओळखतो, त्यामुळे मला ती पाकळी आठवत राहिली. वाईट नव्हतं. पुन्हा मागवलं असतं का? कालवण करून पाहायला एकदा नक्की घेतलं असतं.

भारतात, महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

बंदी नाही, विक्रीही नाही. नव्या प्रकारच्या अन्नाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, आगाऊ परवानगी लागते. संशोधन चालू आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशींवर संशोधन करणाऱ्या संस्थेला आणि तिथल्याच मांस संशोधन केंद्राला २०१९ मध्ये केंद्राने साडेचार कोटींच्या आसपास निधी दिला. कोचीच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये एका खासगी कंपनीबरोबर करार केला. त्यांनी निवडलेल्या माशांत सुरमई आणि पापलेट आहेत. हे वाचून मी आईला फोन केला होता. ती म्हणाली, "काटे असतील का रे त्याला?"

"आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे, मग टेक्सासला नावं का ठेवता?" असंही मला विचारलं गेलं. दोन्ही कायद्यांमागची कारणं अगदी वेगळी आहेत, म्हणून तुलना जपूनच करावी. पण एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या दुरुस्तीत, राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा होता. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली आणि बाळगण्याचं ते कलम खासगीपणाच्या हक्काचा भंग म्हणून रद्द केलं. सरकारचा हात स्वयंपाकघरात कुठवर जावा, हा प्रश्न आपल्या न्यायालयांनीही हाताळलेला आहे.

२०२७ मध्ये पुढे काय? आपण काही करू शकतो का?

टेक्सासचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम सालात, १४० दिवस भरतं. पुढचं अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होऊन मेअखेर संपेल. बंदीची मुदत त्यानंतर तीनच महिन्यांनी संपते. तेव्हा ती वाढवायची, कायमची करायची की सोडून द्यायची, हे याच अधिवेशनात ठरेल. कुणी काहीच केलं नाही तर ती आपोआप सुटते, म्हणून मुदतवाढीचं विधेयक येईल अशी माझी अटकळ आहे.

विधेयक आधी समितीकडे जातं, आणि समितीसमोर सामान्य माणसाला बोलता येतं. ऑस्टिनच्या कॅपिटॉलमध्ये जाऊन नाव नोंदवायचं. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. ग्रीन कार्डवाले, व्हिसावाले सगळे बोलू शकतात. बाजू कुठलीही असो, विधेयक पूर्ण वाचून जा. ही विधेयकं एक-दोन पानांचीच असतात आणि सगळं मर्म व्याख्येत असतं. "प्राण्याच्या पेशी वाढवून" या शब्दांत उद्या आणखी काय काय बसेल ते तिथेच विचारायचं. आपला सिनेटर आणि प्रतिनिधी कोण हे माहीत नसेल तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर घरचा पत्ता टाकला की नावं मिळतात. त्यांच्या कचेरीत फोन केला की बहुतेक वेळा एखादा तरुण कर्मचारी उचलतो आणि तुमचा पिनकोड आणि मत टिपून घेतो. मी २०२५ मध्ये केला होता. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "तुम्ही पेशी वाढवता म्हणालात, तर त्या टाकीत नेमकं काय दिसतं हो?" आम्ही वीस मिनिटं बोललो.